तोटी बसली आहे

लोंगहारू
१४ मे १९८४

चि. अलारिक यास ताईचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. बर्फ एकदाचं गेलं. यंदा पाहुण्यासारखं रेंगाळलं, उठतो उठतो म्हणत बसूनच राहिलं. आता खाडी मोकळी आहे, समुद्री बदकं आली आहेत, आणि काळ्या मेंढीला जुळं झालंय. दोन्ही कोकरं तुझ्या वळणावर गेली आहेत. खायला सगळ्यात पुढे आणि हाक मारली की गायब.

आपली नाव टेर्ना पाण्यात उतरवली. एंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. धक्क्याला बांधून बराच वेळ चालवलं, मागून पाणी थुंकत होतं, मनात म्हटलं, चला, बाबांचं एंजिन अजून शाबूत आहे. मग टपाल आणायला चर्चच्या गावाला निघाले. वेग वाढवला आणि लाल बोयापाशी पोचते न पोचते तोच तापमानाचा काटा शेवटच्या रेघेवर! झाकणाखालून वाफ यायला लागली. एंजिन बंद केलं आणि वल्ही मारत परत आले. या वयात मला वल्ही मारायला लागावीत याचा राग कोणावर काढू ते कळेना, म्हणून बदकांवर ओरडले.

आणखी एक विचित्र गोष्ट. नाव बाहेर काढली तर बोटघराच्या जमिनीवर, तिच्या पोटाखाली, मोठा निळा डाग. ऑक्टोबरात तुम्ही दोघं निघालात त्या दिवशी सकाळीच मी ते न गोठणारं निळं पाणी एंजिनात ओढून घेतलं होतं आणि ते आत राहावं म्हणून बुडाची तोटी बंद केली होती, एंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत घेते ती. बाबा गेल्यापासून दरवर्षी हे मीच करते, कधी थेंब सांडला नाही. यंदा सगळं जमिनीवर. तुला काही सुचतं का? हे एंजिन बाबांनी आपल्या दोघांनाही शिकवलंय म्हणून विचारते. दुकानातून फोन केला असता, पण तिथे काउंटरला टेकून सगळं गाव ऐकतं आणि मग प्रत्येक जण मला सल्ला द्यायला येतो.

मेंढ्या जूनमध्ये पल्याडच्या बेटावर न्याव्या लागतात, नाहीतर इथलं गवत संपतं. म्हणून जरा घाईने उत्तर पाठव. सौ. उल्ला-ब्रिटला आशीर्वाद.

लोभ आहेच, त्याला तेलपाणी करत राहावं ही विनंती.

तुझी ताई,
यॉर्डिस


नॉरशोपिंग
२१ मे १९८४

ती. ताईस अलारिकचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. खरं सांगायचं तर मला आश्चर्य वाटलं नाही. निळा डाग म्हणजे दुसरं काय असणार? एंजिनचा लोखंडी ब्लॉक आतलं पाणी गोठून फुटला. निळं पाणी तू कमी घातलंस किंवा साध्या पाण्यात जास्त पातळ केलंस. तुझा हात आखडता आहे हे आपण दोघंही जाणतो. कॉफीसुद्धा तू दुसऱ्यांदा उकळतेस. फुटलेल्या ब्लॉकला औषध नाही, ताई. त्या एंजिनने आपलं आयुष्य जगून घेतलं.

गेल्या उन्हाळ्यात स्टॉकहोमचे ते दंतवैद्य टेर्नाभोवती दोन फेऱ्या मारून गेले होते, आठवतं? ते अजून विचारतात. त्यांना नावेचं लाकूड हवंय, एंजिन ते नवीनच बसवणार. नाव आपल्या दोघांच्या नावावर आहे, म्हणून तुझ्या होकाराशिवाय मी पुढे जाणार नाही. पण तू शांतपणे विचार कर.

तू रागावशील हे ठाऊक असूनही लिहितो. मार्चमध्ये तू बर्फातून कमरेपर्यंत पाण्यात गेलीस हे मला दुसऱ्यांकडून कळलं. तू कळवलं नाहीस. बाबा होते तोवर गोष्ट वेगळी होती. आता तू त्या खडकावर एकटी, आणि रात्री इथे फोन वाजला की मी अंधारातच धावतो. टेर्ना नसेल तर तिथे राहताच येणार नाही हे तुलाही माहीत आहे. कदाचित तेच बरं असेल.

उल्ला-ब्रिट तुला नमस्कार सांगते. तिच्या टोमॅटोची रोपं खिडकीत आहेत आणि त्यांच्यामुळे आम्हाला खिडकी उघडायला बंदी आहे.

माझं बोलणं टोचलं तरी माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
अलारिक


लोंगहारू
२७ मे १९८४

चि. अलारिक यास आशीर्वाद, तेही पद्धत आहे म्हणून.

तुझं पत्र वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तुला विचारलं की एंजिन का तापतं. तू उत्तर दिलंस की मी कंजूष आहे, म्हातारी आहे आणि नाव विकावी. विचारलेल्या प्रश्नाला तू लहानपणीही कधी सरळ उत्तर दिलं नाहीस. मास्तर समुद्राची खोली विचारायचे आणि तू त्यांना मासे सांगायचास.

ब्लॉक फुटला म्हणे! नॉरशोपिंगच्या खुर्चीत बसून तुला तो दिसला वाटतं. ब्लॉक फुटला असता तर तेलात पाणी शिरून तेल दुधाळ झालं असतं. हे बाबांनी मला शिकवलं तेव्हा तू शेजारीच उभा होतास. मी तेलाची पट्टी काढून पाहिली. तेल काळं कुळकुळीत, जसं असायला हवं तसं. पंप उघडला. रबरी पंख्याचं एकही पातं मोडलेलं नाही, तरी नवा घातला. गाळणी साफ. थर्मोस्टॅट काढून जुन्या किटलीत उकळला, वेळेवर उघडला. पाइपावरून हात फिरवून पाहिला, कुठे दबलेला नाही. बुडाच्या तोटीचा दांडा पाइपाच्या रेषेत आहे, म्हणजे तोटी उघडी. उलट यंदा तो दांडा लोण्यासारखा फिरतो. बाबांच्या काळात मला तो दोन्ही हातांनी ओढावा लागायचा. एवढी एकच गोष्ट सुधारली आणि बाकी सगळी बिघडली.

धक्क्यावर कितीही वेळ चालवा, काटा जागचा हलत नाही. वेग दिला की तापतं. फुटलेला ब्लॉक लाल बोया येईपर्यंत वाट पाहतो का रे? कुठेतरी पाणी कमी पडतंय. ते कुठे, एवढंच मला सापडत नाहीये, आणि त्यासाठी मला भावाचं डोकं हवं होतं. पण ते डोकं दंतवैद्याच्या तोंडात अडकलंय.

बर्फाचं म्हणशील तर मेंढ्यांना चारा कोण टाकणार होतं, तू? पाय भिजले, घरी आले, सॉना तापवला, संपलं. कळवण्यासारखं काय होतं त्यात?

टेर्ना विकायची नाही. ही नाव गेली तर मला इथून उठावं लागेल आणि मी इथून उठणार नाही. दंतवैद्यांना सांग, त्यांनी लोकांचे दात काढावेत.

उल्ला-ब्रिटला मात्र मनापासून आशीर्वाद. टोमॅटोंना उन्हात ठेव म्हणावं, खिडकी बंद ठेवून काही होत नाही.

लोभ असावा असं लिहायचं असतं, म्हणून लिहिलं.

यॉर्डिस


नॉरशोपिंग
२ जून १९८४

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तू चिडणार हे मी धरूनच चाललो होतो. मी तुझ्याशी एंजिनावरून वाद घालणार नाही. तू सगळं तपासलंस आणि तरीही ते तापतं, म्हणजे माझंच म्हणणं खरं ठरतं. ते संपलंय.

काही गोष्टी मी पुढे नेल्या आहेत. त्या तुला माझ्याकडून कळाव्यात म्हणून लिहितो. ओबू शहरात, बाजाराच्या चौकापासून जवळ, एका इमारतीत तुझं नाव घातलंय. तळमजला आहे, जिने नाहीत, छोटी बाल्कनी आहे. खाली दुकान, समोर दवाखाना. नकार देण्याआधी एकदा पाहून तरी घे. मेंढ्या शेजारच्या बेटावरचा बोर्ये घेईल, त्याच्याशी मी बोललो आहे. तो आनंदाने तयार झाला.

दंतवैद्य मध्य-उन्हाळ्याच्या सणाआधीच्या बुधवारी नाव पाहायला येतील. मीही त्यांच्याबरोबर येतो. एंजिन गेलंय हे मी त्यांना आधीच प्रामाणिकपणे सांगितलंय. बोर्ये आम्हाला त्याच्या नावेतून आणून सोडेल.

ताई, मी तुझा शत्रू नाही. तुझ्या जागी मी असतो आणि माझ्या जागी तू, तर तूही हेच केलं असतंस.

रागातसुद्धा आठवण ठेव एवढंच मागतो.

तुझा,
अलारिक


लोंगहारू
८ जून १९८४

अलारिक,

आशीर्वाद या पत्रात शोधू नकोस, घातलेले नाहीत.

तुझ्या पत्राबरोबरच ओबूच्या इमारतीवाल्यांचंही पत्र आलं. मला विचारतात, तुमच्याकडे पियानो आहे का आणि कुत्रा आहे का. मेंढ्यांबद्दल विचारलं नाही, कारण त्या तू आधीच वाटून टाकल्यास! माझ्या मेंढ्या, माझ्या हातांनी जन्माला घातलेल्या, तू फोनवर दिल्यास आणि बोर्येने घेतल्या. मी मेले आहे का? मेल्यावर तरी लोक दोन दिवस थांबतात. बोर्ये काल अंगणात येऊन कोकरं बघत होता. त्याला मी जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो आता तुझ्यावर रागावलाय.

ते पत्र वाचून घरात बसवेना. बोटीत जाऊन बसले आणि पुन्हा पहिल्यापासून पाहायला लागले. पंप, गाळणी, पाइप, तोटी. हात त्या दांड्यावर गेला. तो असा सहज फिरला की मला त्याचाही राग आला. बाबांच्या हाताला न जुमानणारा दांडा एका हिवाळ्यात एवढा शहाणा कसा झाला? नट सोडला आणि दांडा उपटून काढला.

तोटीच्या मानेचं टोक चौकोनी असतं, त्यावर दांडा बसतो. ते टोक झिजून गोल झालंय. नुसतं झिजलेलं नाही, त्यावर घाव आहेत, ताजे, पितळ चमकतंय. बाबांनी त्या टोकावर कानशीने एक रेघ कोरून ठेवली होती, आतल्या भोकाची दिशा कळावी म्हणून. दांडा सांगत होता तोटी सताड उघडी आहे. रेघ जवळजवळ आडवी. म्हणजे महिनाभर मी नुसता दांडा इकडचा तिकडे करत होते आणि आतली तोटी जिथल्या तिथे, जेमतेम किलकिली. धक्क्यावर तेवढं पाणी पुरायचं, वेगाला पुरायचं नाही. आणि निळं पाणीही त्याच फटीतून हिवाळाभर गळत राहिलं. तुझा फुटलेला ब्लॉक तो हा!

पान्ह्याने तोटी पूर्ण फिरवली. मग टेर्ना पूर्ण वेगात चर्चच्या गावाला नेली. काटा मधोमध. लाल बोयाला वळसा घालताना मी काय ओरडले ते बोर्येने ऐकलं असेल तर बरंच झालं. हे पत्र तिच्याच पोटात बसून टपालात चाललंय.

आता तू सांग. मी तोटी हाताने बंद करून गेले. त्यानंतर तिच्यावर घाव कोणी घातले? बोटघरात त्या दिवशी आपण तिघंच होतो. आणि ज्याने घातले त्याने मला कंजूष म्हणून, माझं घर उठवून, माझ्या मेंढ्या वाटायची हिंमत कशी केली?

येतोस तर ये. दंतवैद्यालाही आण. मी धक्क्यावर उभी असेन.

यॉर्डिस


नॉरशोपिंग
१३ जून १९८४

ती. वन्संना उल्ला-ब्रिटचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मी यांना न विचारता लिहिते आहे. तुमचं पत्र यांनी जेवणाच्या टेबलावर वाचलं, घडी घातली आणि म्हणाले की मला काहीच आठवत नाही. खरंच आठवत नसावं, कारण खोटं बोलताना यांचे कान लाल होतात आणि ते झाले नव्हते. पण मला आठवतं. तो घाव माझ्या हातचा आहे.

तुम्ही रागावाल, रागवायलाच हवं, पण आधी सगळं ऐकून घ्या. त्या सकाळी मी बोटीतल्या गाद्या काढत होते. तुम्ही बोटघराच्या दारातून जाता जाता मला ओरडून सांगितलंत की तोटी बसली आहे. आणि तुम्ही मेंढ्यांकडे निघून गेलात.

वन्सं, तुम्हाला माझ्या लग्नानंतरचा पहिला उन्हाळा आठवतो का? तुम्ही म्हणाला होतात की आज दुकान बसलंय. मला बिचाऱ्या दुकानदाराची एवढी दया आली की मी केक करून त्याच्या बायकोकडे सांत्वनाला गेले. आमच्याकडे दुकान बसलं म्हणजे धंदा बुडाला. तिने मला कॉफी दिली, केक खाल्ला आणि मग सांगितलं की आज रविवार आहे. तुमच्या बेटांवर दार बंद असलं तरी ते बसलेलं, नळ बंद असला तरी बसलेला. आमच्याकडे बसलं म्हणजे जाम झालं, अडकलं, हलेना. तुम्ही सगळे कित्येक वर्षं मला त्या केकवरून चिडवत होतात. तेव्हापासून मी तुमच्याकडे तो शब्द ऐकला की थांबते आणि विचारते.

त्या दिवशीही मी विचारलं. हे बाहेर दोर गुंडाळत होते. मी बोटीतून डोकं काढून यांना विचारलं की वन्सं म्हणतात तोटी बसली आहे, तर ते तुमच्याकडचं बसणं की आमच्याकडचं? यांनी वर न पाहता सांगितलं की बसली म्हणजे जाम झाली, दुसरं काय असणार, पान्ह्याने एक दे ठेवून. मला वाटलं आपल्या हातून वन्संचं एक काम होईल. मी दोन दिले. दांडा सुटला, सहज फिरायला लागला, आणि मी घरी पोचेपर्यंत त्याच आनंदात होते.

गंमत नाही सांगत, खरंच आनंदात होते. तुम्ही मला कधी काही करू देत नाही.

ओबूच्या घराबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. तुमच्या पत्रातून कळलं. त्यावरून आमचं जे झालं ते आमच्यात राहू दे. यांना काळजी वाटते हे मात्र खोटं नाही. मार्चमध्ये ते बर्फाचं कळलं तेव्हा हे कोट घालून दारात उभे राहिले होते. जाणार कुठे, मध्ये समुद्र.

तोटी मी बिघडवली, भरपाईला मी येईन, सांगाल ते काम करीन. माझ्यावरचा लोभ आटला असेल तर तो पुन्हा झिरपेपर्यंत थांबायची माझी तयारी आहे.

तुमची,
उल्ला-ब्रिट


लोंगहारू
१७ जून १९८४

चि. अलारिक यास,

उल्ला-ब्रिटने मला लिहिलंय. तिला एक शब्द बोललास तर माझ्याशी गाठ आहे. त्या घरात तोटीबद्दल विचारावंसं वाटलेलं ते एकमेव माणूस.

मला वाटलं होतं की घाव कोणाचा ते कळलं की माझा राग जागेवर येईल. तो वाढलाच. पितळेचं टोक नवं मिळतं, ते मी मागवलंय. पण ती परकी बाई, परक्या गावची, तिला शंका आली की यॉर्डिसचं बसणं वेगळं असतं. आणि तू? ज्या उंबऱ्यावर मी बोलायला शिकले त्याच उंबऱ्यावर तू शिकलास. आई रोज संध्याकाळी आपल्याला विचारायची की दार बसलंय का, आणि तू उठून कडी पाहून यायचास. माझा आवाज तुझ्या कानात शिरला आणि तुला तो नॉरशोपिंगच्या माणसासारखा कळला. वर न पाहता!

आणि मग तोच माणूस मला सांगतो की ताई, तुझ्या भल्याचं मला कळतं. माझं एक वाक्य तुला कळलं नाही, अलारिक. माझं भलं कसं कळेल?

मार्चमध्ये तू कोट घालून दारात उभा होतास हेही तिने लिहिलंय. ते तू लिहायला हवं होतंस. पियानोवाल्या घराऐवजी तेवढं लिहिलं असतंस तर मी रडले असते आणि तुला शिव्या दिल्या नसत्या.

बुधवारी चर्चच्या गावाच्या धक्क्यावर टेर्ना घेऊन मी येते. बोर्येची नाव लागणार नाही. दंतवैद्यांना काय सांगायचं ते तू ठरव, पण ते तुझ्या तोंडून, माझ्यासमोर सांग. नावेचा अर्धा भाग तुझा आहे. अर्ध्या भागाचं तोंड घेऊन ये.

आशीर्वाद यावेळी पाठवते. अपुरे आहेत, उरलेले आल्यावर पाहू.

तुझी ताई,
यॉर्डिस


लोंगहारू
२६ जून १९८४

प्रिय सौ. उल्ला-ब्रिट हिस,

वि. वि. फोन करायला चर्चच्या गावाला जावं लागेल आणि तिथे आता सगळे जण मला तोटीबद्दल विचारतात. बोर्येने गावभर केलंय. म्हणून लिहितो.

ताई ठरल्याप्रमाणे धक्क्यावर होती. माझ्याशी बोलली नाही. दंतवैद्यांशी अतिशय गोड बोलली, त्यांना मऊ गादीवर बसवलं आणि मग टेर्ना अशी पळवली की त्यांची टोपी समुद्रात गेली. मी सगळा वेळ एंजिनाच्या झाकणावर हात ठेवून होतो. नुसतं कोमट. बाबा असाच हात ठेवायचे. लाल बोया गेला, मी काट्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ती समोर बघत होती.

दंतवैद्य खूश. त्यांना मेलेल्या एंजिनाची नाव सांगितली होती आणि ही तर जिवंत निघाली. म्हणाले की आता नवं एंजिनही नको, आहे तशीच न्यायची. धक्क्यावर उतरल्या उतरल्या त्यांनी सौदा पक्का करायला माझ्यापुढे हात केला. ताई मेंढ्यांच्या कुंपणाला टेकून उभी होती. मी सांगितलं की नाव विकायची नाही, माझं चुकलं. ते चांगलेच संतापले. एवढ्या लांबून बोलावलं, टोपी गेली, आणि आता नाही म्हणता? अगदी बरोबर बोलले. खरं सांगू, मला बरं वाटलं. निदान कोणीतरी माझ्यावर तोंडावर ओरडलं. ओबूच्या इमारतीलाही मी नकार कळवलाय. त्यांनी पियानोचा उल्लेख पुन्हा केला.

दुसऱ्या दिवशी मेंढ्या पल्याड नेल्या. ताईने माझ्या मांडीवर काळं कोकरू दिलं. ते माझ्या कोटावर जे करायचं ते करून मोकळं झालं. मी तिला म्हटलं की माझा अर्धा भाग तुझ्या नावावर करून देतो. ती म्हणाली काही गरज नाही, तो तुझ्याकडेच राहू दे, नाहीतर तुला यायला निमित्त काय उरेल? आल्यापासून तिचं हे पहिलं लांब वाक्य होतं.

बाकी ती बोलते ती बेटाच्या बोलीत, तीही बेटाच्या वेगाने, आणि माझ्या कानातून अर्धं निसटतं. मी विचारतो काय म्हणालीस, ती पुन्हा सांगत नाही. जेवताना तिने मीठ मागितलं की मी अंदाजाने काहीतरी पुढे करतो. एकदा तिला माशांची डोकी दिली. तिला हसू आलं होतं, पण तिने ते कॉफीत बुडवलं.

काल दुपारी मी खडकावर बसून हेरिंग साफ करत होतो. वारा जोराचा. ताई बोटघरामागून काहीतरी ओरडली. मी सुरी ठेवली, धक्क्यावर गेलो, वारा फिरला होता म्हणून टेर्नाला दुसऱ्या बाजूने बांधलं आणि परत येऊन माशांना हात घातला. आणि मग माझ्या लक्षात आलं, उल्ला-ब्रिट. ती काय म्हणाली ते मी मनात फिरवून पाहिलंच नव्हतं. तिने नाव वळवून बांधायला सांगितलं आणि मी उठलो. बस. मी त्या माशांसमोर बसून लहान मुलासारखा रडलो, अठ्ठावन्न वर्षांचा बाप्या.

संध्याकाळी ताई धक्क्यावर गेली. माझी गाठ तिला पसंत पडली नाही, सोडून तिने स्वतः बांधली. पण सांगितलेलं तिने दुसऱ्यांदा सांगितलं नाही, आणि तिला ते सांगावंही लागलं नाही.

तू पुढच्या आठवड्यात ये. ताई म्हणते, टोमॅटो घेऊन ये, आणि पान्ह्याला हात लावायचा नाही.

जसा आहे तसा मला सांभाळून घ्यावंस, आणि माझं म्हणणं कळलं नाही तर आधीसारखं विचारत राहावंस.

तुझा,
अलारिक